ग्लेंडा जॅक्सन म्हणजे नुसती दोन ऑस्कर नव्हेत

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सनवरचा लेख वाचला. लिहिलाय छान, पण अख्खा लेख ऑस्करभोवतीच फिरतोय आणि शेवटी 'मग त्या राजकारणात गेल्या, म्हातारपणी परत आल्या' असं दोन ओळीत उरकून टाकलंय, ते काही पटलं नाही. अहो, ज्या ऑस्करचं एवढं कौतुक ते घ्यायला बाई १९७१ ला पण गेल्या नाहीत आणि १९७४ ला पण नाहीत!

त्यांचा खरा पिंड स्टेजचा. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गवंड्याची मुलगी, बूट्स या औषधांच्या दुकानात नोकरी, मग स्कॉलरशिपवर 'राडा' ही लंडनची नाट्यशाळा आणि त्यानंतर बरीच वर्षं गावोगावच्या नाटक कंपन्यांमधून मिळेल ते काम. नाव झालं ते दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 'मारा/साद' या नाटकामुळे. त्यात वेड्यांच्या इस्पितळातली एक पेशंट (ग्लेंडाबाई) फ्रेंच क्रांतीतल्या मारा या पुढाऱ्याचा खून करणाऱ्या शार्लट कोर्देचं काम करते, म्हणजे नाटकातलं नाटक, आणि ती साद या लेखकाला फटके मारते ते चाबकाने नाही तर स्वतःच्या लांब केसांनी. आणि पहिल्या एलिझाबेथ राणीवरच्या बीबीसीच्या 'एलिझाबेथ आर' या मालिकेसाठी (१९७१) टकलाचा टोप नको म्हणून बाईंनी डोक्याचा पुढचा भाग सरळ वस्तऱ्याने साफ करून घेतला, सहा भागात तरुण राजकन्या ते जख्ख म्हातारी राणी. हे लेखात यायला नको होतं का?

आता राजकारण. १९९२ ते २०१५, तब्बल २३ वर्षं ब्रिटनच्या लेबर (मजूर) पक्षाच्या खासदार, १९९७ नंतर वाहतूक खात्यात राज्यमंत्री, २०१० च्या निवडणुकीत तर फक्त ४२ मतांनी वाचल्या. त्या काळात नाटक सिनेमा पूर्ण बंद, हौस म्हणून पण नाही. एप्रिल २०१३ मध्ये संसदेत माजी पंतप्रधान थॅचरबाईंना श्रद्धांजली चालू असताना ह्या उठून त्यांच्या धोरणांवर तुटून पडल्या, समोरून आरडाओरडा चालू तरी आवाज खाली नाही की वाक्य अर्धवट नाही. क्लिप मिळते, जरूर बघा, तिथे नटी आणि खासदार वेगळी काढता येत नाही (त्या दिवशी बोलायला नको होतं असं माझं पण मत आहे, पण ते सोडा).

आणि मग २०१६ ला, ८० व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक थिएटरमध्ये एकदम शेक्सपिअरचा म्हातारा राजा, किंग लिअर! इतक्या वर्षांनी स्टेजवर पाय ठेवायचा आणि तोही अशा रोलमध्ये की तीन तास बोलून चांगल्या चांगल्या पुरुष नटांचा दम निघतो. २०१८ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दुसऱ्या एका नाटकासाठी टोनी पुरस्कार, पुढच्याच वर्षी 'एलिझाबेथ इज मिसिंग' या टीव्ही फिल्ममध्ये विसरभोळी आजी, त्याला बाफ्टा पुरस्कार.

२०२३ च्या जूनमध्ये बाई गेल्या. पुरवणीत सगळे फोटो सत्तरच्या दशकातले छापलेत, पुढच्या रविवारी लिअरचा एक तरी छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक