डोंगरमाथ्यावर आपलेही जेवण मिळावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मुलीकडे नॉर्वेतील बर्गनला गेलो असता, शहराला खेटून असलेल्या फ्लोयेन डोंगरावर जेवण्याचा योग आला. १९१८ मध्ये सुरू झालेली, दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे काही मिनिटांत सुमारे ३२० मीटर उंचीवर नेते आणि तेथे १९२५ मध्ये बांधलेले उपाहारगृह आजही चालू आहे. खाली बंदर, पलीकडे बेटे आणि बर्गनचा न थांबणारा पाऊस पाहत आम्ही ‘फोरिकोल’ मागवले.

हाडासकट मेंढीचे मटण आणि कोबीचे मोठे तुकडे यांचे थर पातेल्यात रचायचे, मधून मीठ व अख्खी मिरी पेरायची आणि थोड्या पाण्यात मंद आचेवर दोन-अडीच तास शिजू द्यायचे, एवढीच त्याची कृती. सोबत उकडलेले बटाटे. खोबऱ्याच्या वाटणावर वाढलेल्या माझ्या जिभेला पहिला घास मिळमिळीत वाटला. मात्र मटणाचा रस कोबीत किती मुरला आहे आणि मिरीचा तिखटपणा कसा सावकाश चढतो, हे कळल्यावर मी दुसऱ्यांदा वाढून घेतले. आपल्या गोव्यातील कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पोफळीवर चढणारी मिरी हाच त्यातील एकमेव मसाला, याचाही आनंद झाला. शेवटी तपकिरी चीज आले. चीज करताना उरलेले पाणी आटवून ते करतात, आणि त्याची चव बासुंदीच्या पातेल्यातील खरवडीसारखी, किंचित खारट असते.

फोरिकोल हा तेथील राष्ट्रीय पदार्थ मानला जातो आणि सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार त्याच्या नावाने ओळखला जातो. शेतकऱ्याघरचे हे जेवण पाहुण्यांपुढे ठेवताना त्यांना जराही संकोच वाटत नाही.

परतल्यावर पाहुण्यांना घेऊन आपल्याकडील एका टेकडीवरील उपाहारगृहात गेलो, तर मंचुरियन आणि पनीर टिक्का होते. उकड्या तांदळाची पेज, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) कोशिंबिरीसारखी किसमूर, अनेक भाज्यांचे खतखते यांपैकी काहीच नव्हते. डोंगरांवर नवी बांधकामे मुळीच नकोत. परंतु आहेत त्या ठिकाणी रोज निदान दोन गोमंतकीय पदार्थ मिळावेत, अशी अट पर्यटन खात्याने आपल्या जागा भाड्याने देताना घालावी.

मुलीचे बर्गनमधील शेजारी डिसेंबरात गोव्यात येत आहेत. उंचावर बसून त्यांना आळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक, म्हणजे वाटणाची आमटी, खाऊ घालता येईल अशी जागा कोणा वाचकाला ठाऊक असल्यास याच सदरातून कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा