रंकाळा स्टँडवर भेटलेल्या रिक्षावाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवा फोन केला तेव्हा तुम्ही मला धड बोलू दिलं नाहीत. "मावशी पोचल्या न्हवं नीट? झालं तर मग. आभार कशाचं त्यात," एवढं म्हणून फोन ठेवलात. मागून कुणीतरी शाहूपुरीला येणार का विचारत होतं, ते ऐकू आलं. तुमचा धंद्याचा वेळ होता, मी समजू शकते. पण माझ्या मनातलं मनातच राहिलं आणि ते तसंच ठेवून मला चैन पडेना. म्हणून इथे, सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

तुमचं नाव माझ्याकडे आहे. बॅज नंबर आहे, रिक्षाचा नंबर आहे. ते माझ्याकडे कसे आले हेच तर मला सांगायचं आहे. नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. कोल्हापुरातल्या तुमच्या ओळखीच्या कुणी हे वाचलं तर त्यांना बरोबर कळेल. रिक्षा पुढून-मागून लखलखीत, आत जोतिबाचा फोटो, आणि पावसाचे पडदे दोन्ही बाजूंनी शिवून घेतलेले. पावसाळ्यात बाई माणूस भिजू नये म्हणून इतकी तजवीज करणारा माणूस स्टँडवर सगळ्यांना ठाऊक असणारच.

आमचं गाव साळवणच्या पुढे, गगनबावड्याच्या वाटेवर. बाबा गेले तेव्हापासून आई तिथे एकटी. पावसाळा सुरू झाला की तिकडची माणसं पाण्याच्या अंदाजाने जगतात. कुंभी नदीला पूर आला की मांडुकली, लोंघे, किरवे, कुठे ना कुठे रस्त्यावर पाणी येतंच, आणि मग कोल्हापूर आमच्यासाठी विलायतेइतकं लांब. आईला माझ्याकडे हैदराबादला न्यायचं ठरलं, उजळाईवाडीहून विमानाचं तिकीट काढलं. रस्ता कधी बंद होईल सांगता येत नव्हतं, म्हणून आदल्या रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली घेतली. गाडीही आधीच सांगून ठेवली, ॲडव्हान्स देऊन. कागदावर सगळं ठीकठाक होतं.

गाडी आली नाही. "निघाली आहे, कळे गावापर्यंत आली," असं दुपारभर सांगत होते. संध्याकाळकडे फोन बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्याची बातमी तेव्हा घरोघर टीव्हीवर चालू होती. गाडी येऊ शकत नाही, हे मी मान्य केलं असतं. पाण्यात गाडी घाला असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण "येत नाही, दुसरं बघा," एवढं वाक्य बोलायला काय पडतं? ते दुपारीच कळलं असतं तर उजेडात निघालो असतो. शेवटी गावातल्या एकानं वडापवाल्याला, म्हणजे शेअर जीपवाल्याला, हाक मारली. तो परतीच्या घाईत होता, तरी थांबला, आईला पुढं बसवलं, तांदळाचं पोतं टपावर न टाकता आमच्या पायाशी घेतलं. त्याचेही आभार मानायचे राहून गेले. बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं. पाणी कुठवर आलंय ते अंधारात दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता.

रंकाळा स्टँडला त्यानं सोडलं तेव्हा रात्र झाली होती. लाईट गेलेली. गंगावेशीच्या बाजूनं पाणी जामदार क्लबपर्यंत आल्याचं लोक सांगत होते, त्यामुळे तिकडची वाहतूक सगळी इकडे वळलेली, आणि तरी थांबायला कुणी तयार नाही. मोबाईलवरून गाडी बोलवायला गेले तर ड्रायव्हर मिळायचा आणि पुन्हा रद्द व्हायचा. दोन-तीन रिक्षावाल्यांनी उजळाईवाडी म्हटल्यावर मान हलवली. एकानं असा काही आकडा सांगितला की आई म्हणाली, चल, इथेच स्टँडवर बसू सकाळपर्यंत.

मी याच शहरात कॉलेजला होते, काका. रात्री पिक्चर सुटल्यावर एकटी रिक्षानं होस्टेलला गेलेली आहे, कधी भीती वाटली नव्हती. त्या रात्री वाटली. आईच्या पिशवीत तिचं होतं-नव्हतं ते सोनं होतं, माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली, रस्ते बंद, अंधार. आणि तुम्ही रिक्षा थांबवून विचारलंत, "कुठं जायाचं, ताई?" मी सांगितलं. तुम्ही "बसा" म्हणालात. आणि मी बसले नाही, तशीच उभी राहिले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खाली उतरलात. शर्टाला लावलेला बॅज काढून हातात घेतलात. त्यावर पावसाचं पाणी होतं, ते खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलंत, आणि आपल्या मोबाईलचा टॉर्च लावून तो बॅज माझ्यापुढे धरलात. "ताई, आधी ह्येचा फोटो काढा. घरच्यास्नी पाठवा. आन् मग बसा."

मी फोटो काढला. माझा हात हलत होता, फोटोही हलला. तुम्ही तो बघायला मागितलात आणि म्हणालात, "नंबर दिसंना झालाय. दुसरा काढा." दुसरा काढला. मग रिक्षाच्या मागच्या नंबरवर उजेड पाडलात, "ह्येचाबी घ्या." मी दोन्ही फोटो नवऱ्याला पाठवले. रेंज नीट नव्हती, जायला वेळ लागला. तेवढा सगळा वेळ तुम्ही पावसात उभे होतात. "गेला काय?" विचारलंत. गेला म्हटल्यावरच तुम्ही आईची पिशवी उचललीत.

काका, तुमच्या लेखी ही अगदी साधी गोष्ट असेल. पुढे तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते याच्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं, कष्टाचं होतं. पण मला आठवतो तो बॅज पुसणारा हात. कारण मला भीती वाटतेय हे मी तोंडानं बोलले नव्हते. बोलायची लाजही वाटत होती. तुम्ही ते ओळखलंत, आणि त्याचा राग मानला नाहीत. "आमच्यावर इस्वास न्हाई काय," असं म्हणणारी चांगली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांचं चांगलेपण खरं असतं, पण समोरच्या बाईनं त्यावर आंधळा भरवसा टाकावा अशी त्यांची अपेक्षा असते. तुम्ही भरवसा मागितला नाहीत. तुमचा ठावठिकाणा माझ्या हातात दिलात आणि मला निर्धास्त केलंत. रात्रीअपरात्री एकटी फिरणारी कुठलीही बाई याची किंमत सांगेल.

संभाजीनगर, हॉकी स्टेडियम, शेंडा पार्क असा लांबचा वळसा तुम्ही घेतलात, आणि का घेताय तेही प्रत्येक वळणावर सांगत होतात. अंधारात अनोळखी रस्ता लागला की बाईच्या पोटात गोळा येतो, हेही तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. आई तोवर सावरली होती. बाबा दसरा चौकातल्या बोर्डिंगात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, राहून शिकले, ते ती तुम्हाला सांगत बसली. डोंगरातल्या पोराला शहरात कोण ठेवून घेणार, शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली म्हणून आमचं घर शिकलं, हे तिचं ठरलेलं वाक्य. १९०१ साली पहिलं बोर्डिंग निघालं, त्यानंतर किती खेड्यांतली किती पोरं त्या आसऱ्याला राहिली असतील. तुम्ही "व्हय मावशी, व्हय" म्हणत ऐकत होतात. बाबा गेल्यानंतर आई इतकं सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकलं.

हॉटेलात काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोरच झालं. पैसे भरलेले, मेसेज आलेला, तरी खोली नाही. पुरामुळे हायवेवर लोक अडकलेत, खोल्या भरल्या, सिस्टिममध्ये तुमचं नाव दिसत नाही. आमची खोली दुसऱ्या कुणाला दिली होती, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. तेही एक वेळ सोडलं असतं. पण सत्तरी ओलांडलेली माझी आई ओल्या लुगड्यानं उभी होती, आणि काऊंटरवरचा मुलगा म्हणाला, ते पोतं फरशीवर ठेवू नका, पाणी होतंय. खुर्ची रिकामी होती समोर. बसा म्हणाला नाही. पाणी विचारलं नाही. तो युनिफॉर्म, ती पांढरी फुलं, ते "वेलकम" लिहिलेलं पायपुसणं, सगळं जागच्या जागी होतं, आणि एका म्हाताऱ्या बाईला बसा म्हणायला तिथे माणूस नव्हता. हे लिहिताना अजून माझ्या हाताला कंप सुटतो.

तुम्ही गेला नव्हता. मीटरप्रमाणे पैसे घेऊन झाले होते, तरी आम्ही आत जाईपर्यंत रिक्षा लावून थांबला होतात. आत आलात, भांडला नाहीत, पोतं उचललंत आणि आईला म्हणालात, "चला मावशी, हितं नको." पुढचं सगळं मी सविस्तर सांगत बसत नाही. कुठल्या ओळखीनं, किती फोन करून तुम्ही ती साधी, स्वच्छ खोली मिळवलीत, ते तुम्हालाच माहीत. लॉजवाल्याला "मावशींस्नी जिना नको, खालची दे," म्हणालात तेवढं मला ऐकू आलं. सकाळी न सांगता हजर होतात. रात्रीच्या त्या जादा फेऱ्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

पुराच्या काळात कोल्हापुरात माणूस माणसाला कसा धरून ठेवतो ते मी लहानपणापासून ऐकत आणि बघत आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला हायवेवर पाणी आलं आणि ट्रकांच्या रांगा लागल्या, तेव्हा आसपासच्या लोकांनी परमुलखातल्या ड्रायव्हरांना भाकरी नेऊन दिल्या. चिखली-आंबेवाडीची माणसं, गुरंढोरं बाहेर काढायला तालमीची पोरं छातीएवढ्या पाण्यात उतरतात. त्याच्या बातम्या होतात, व्हायलाच हव्यात. पण तुमच्यासारख्याची बातमी होत नाही. एका बाईला रिक्षात बसायच्या आधी धीर दिला, ही बातमी कोण छापणार? आणि खरं सांगते, त्या रात्री मला पाण्यातून कुणी काढायची गरज नव्हती. गरज होती ती एवढीच, की समोरचा माणूस खरं बोलेल, फोन उचलेल, नाही तर नाही म्हणेल, म्हातारीला बसा म्हणेल. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, मोठं हॉटेलही लागत नाही. ज्यांनी आमचे पैसे आधी घेतले होते त्यांच्याकडून यातलं काहीच मिळालं नाही. ज्यांचं आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं त्या वडापवाल्यानं, त्या लॉजवाल्यानं आणि तुम्ही ते न मागता दिलंत.

माझी लेक यंदा कॉलेजला जायला लागली. तो फोटो मी तिला दाखवला, पहिला हललेला आणि दुसरा स्वच्छ, दोन्ही. सगळं सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, "आई, सगळे रिक्षावाले असं करतात का तिकडे?" मी म्हटलं, करणारे आहेत.

आई इथे रुळतेय हळूहळू. शेजारच्या बाईंना मराठी येत नाही, आईला तेलुगू येत नाही, तरी तुमची हकिकत त्यांना हातवारे करून सांगून झाली आहे. गुडघा दुखतोय, पण ते जुनंच. तुम्ही फोनवर विचारलंत म्हणून कळवते.

दिवाळी झाली की गावचं घर बघायला आम्ही दोघी येणार आहोत. उजळाईवाडीला उतरल्यावर तुम्हालाच फोन करणार, रंकाळ्यापर्यंत तरी तुमच्याच रिक्षानं जायचं असा आईचा हुकूम आहे. त्या वेळी मागच्या फेऱ्याचे पैसे घ्यायचे, आणि कांदा-लसणाच्या चटणीची बरणीही घ्यायची. ती आईनं आत्तापासून तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवली आहे. काकूंना आमचा दोघींचा नमस्कार सांगा.

तुमची,
साळवणकडच्या मावशींची मुलगी