जत्रा एका फाशावर उरकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुरवणीत शब्दकोडी, सुडोकू आणि बुद्धिबळाचे डाव यांना हक्काची जागा असते. त्याच आशेवर हे पत्र जरा वेगळ्या खेळाबद्दल लिहीत आहोत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तेव्हापासून रोलप्लेइंग खेळाचा साचा साधारण तोच आहे. एक गेम मास्टर अख्खं जग चालवतो, बाकीचे चार-पाच जण एकेका पात्राच्या तोंडून बोलतात आणि जिथे अडतं तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना एवढ्यावर पुढचं समजायला हरकत नसावी. पत्राचा विषय आहे कॅम्पेनमधली, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या एकाच कथेतली, जत्रा.

लांबलेलं कॅम्पेन चालवताना प्रत्येक गेम मास्टरला कधी ना कधी जत्रा भरवावीशी वाटतेच. भुयारं, सापळे आणि सांगाडे यांच्यातून जरा मोकळी हवा. वहीत यादीही झकास होते: तिरंदाजी, पंजा, घोड्यांची शर्यत, कोडी, खाण्याची पैज. टेबलावर मात्र असं घडतं:

“तिरंदाजीत उतरतेस? टाक फासा.”
“सतरा.”
“दुसरी आलीस. पुढे कुठे जाताय?”

पाच स्पर्धा वीस मिनिटांत संपतात आणि पुढच्या आठवड्यात कुणाला काही आठवत नाही. मग ‘आमच्या टेबलाला जत्रा जमत नाही’ असा शेरा मारला जातो. खरं म्हणजे त्या फेकीत खेळाडूने काही ठरवलेलंच नसतं. आमचा आग्रह एवढाच आहे की दोन फेकींच्या मध्ये खेळाडूला काहीतरी निवडावं लागलं पाहिजे, आणि ती निवड चुकू शकली पाहिजे.

आधी थोडं गणित, कारण निम्मी फजिती तिथेच होते. समजा, पहिलवान पात्राचा बोनस (फाशाच्या आकड्यात मिळवायचा ठरलेला आकडा) प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५ ने जास्त आहे. समोरासमोरच्या एका फेकीत (दोघांनी फासा टाकायचा, मोठी बेरीज जिंकली) ते पात्र ७० टक्के वेळा जिंकतं, जेमतेम ४ टक्के वेळा बरोबरी होते आणि उरलेल्या २६ टक्के वेळा ते चक्क हरतं. म्हणजे दर चार लढतींत एकदा गावातलं किडकिडीत पोरगं अस्वलाशी झुंजलेल्या पहिलवानाला लोळवणार. एकदा घडलं तर गंमत आहे, दर वेळी घडलं तर पात्राची अब्रू जाते. तीनपैकी दोन फेकी जिंकायच्या ठेवल्या (आणि बरोबरीची फेक पुन्हा टाकली) की ७० चे ८२ टक्के होतात, पाचपैकी तीन ठेवल्या की ८७.

बादफेरीत हेच गणित उलटं फिरतं. प्रत्येक लढत ७० टक्क्यांनी जिंकणाऱ्याला सोळा जणांच्या बादफेरीत सलग चार लढती जिंकाव्या लागतात आणि शक्यता २४ टक्क्यांवर घसरते. आठ जणांत ती ३४ टक्के असते. आठ जण आणि तीन-तीन फेकींच्या लढती असा मेळ घातला की ती ५५ टक्क्यांच्या आसपास येते. आशा आहे पण खात्री नाही, अशी ही जागा आहे. आठांपेक्षा मोठी बादफेरी आम्ही कुणालाच सुचवणार नाही. ज्या लढतीत खेळाडूंचं एकही पात्र नाही, ती तर फाशांनी खेळूच नये. गेम मास्टर स्वतःच्याच दोन पात्रांसाठी फासे टाकतोय आणि चौघं जण छताकडे बघतायत, याहून रटाळ देखावा या खेळात नाही. जास्त बोनसवाला जिंकला असं धरा, सहा बाजूंच्या फाशावर १ आला तरच उलट करा आणि एका वाक्यात सांगून मोकळे व्हा.

आता पंजा जवळून पाहू. कागदावर पाच घरांची एक पट्टी काढावी आणि मधल्या घरात नाणं ठेवावं. नाणं आपल्या टोकाच्या घरात ओढेल तो जिंकला. दर फेकीआधी दोघांनी तीनपैकी एक गोष्ट गुपचूप निवडायची: जोर, तग किंवा हिसका. हात टेबलाखाली धरायचा, मूठ म्हणजे जोर, उघडा तळवा म्हणजे तग, एक बोट म्हणजे हिसका, आणि दोघांनी एकदम दाखवायचं. जोर हिसक्याला दाबून टाकतो, हिसका तग धरणाऱ्याला बेसावध गाठतो आणि तग जोर लावणाऱ्याला दमवतो. ज्याची निवड वरचढ, त्याला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. याने सरासरी १०.५ वरून १३.८ वर जाते, म्हणजे दोन-तीन बोनसचा फरक सहज भरून निघतो. निवड सारखीच निघाली तर एकेकच फासा. मग दोघांनी अ‍ॅथलेटिक्सची (अंगबळाच्या कौशल्याची) फेक टाकायची. जिंकेल त्याच्याकडे नाणं एक घर सरकतं, बरोबरी झाली तर जागचं हलत नाही. (२०२४ च्या सुधारित नियमांत झटापटीसाठी सेव्हिंग थ्रो, म्हणजे ठरलेल्या आकड्याविरुद्ध एकट्याने टाकायची बचावाची फेक, आला आहे. लढाईत तो सुटसुटीत असेल, जत्रेत मात्र २०१४ ची समोरासमोरची फेकच ठेवावी. समोरच्याचा फासा पडताना पाहण्यातच सगळी मजा आहे.)

समोर लोहारीण बसली आहे, बोनस ७. आपली योद्धी ५ वर. पहिल्या फेकीला लोहारणीची मूठ, योद्धीचा तळवा. योद्धीचे दोन फासे ६ आणि १४; १४ धरून १९ होतात. लोहारणीला ९, म्हणजे १६. नाणं योद्धीकडे एक घर सरकतं. एवढ्यात गर्दीत उभा असलेला चोर योद्धीच्या कानाला लागतो. त्याने सकाळपासून लोहारणीच्या दोन लढती पाहिल्या आहेत आणि इनसाइटची (मनातलं ओळखण्याची) १३ डीसीची, म्हणजे किमान १३ लागणारी, फेक जिंकून एक गोष्ट हेरली आहे: मागे पडली की ही बाई बहुतेक वेळा हिसका देते. आता योद्धीने जोर लावायचा, की तिला कळलंय हे लोहारणीच्याही लक्षात आलं असेल असं धरून दुसरंच काही करायचं? टेबलावर कुजबुज सुरू होते ती इथे. जो खेळाडू स्पर्धेत नव्हता, त्याचं कामही इथेच उपयोगी पडलं.

म्हणून प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी असाव्यात: नाव, बोनस आणि एक खोड. तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांचा मुख्य बोनस साधारण ५ असतो, एक्स्पर्टीज (एखाद्या कौशल्यात खास प्रावीण्य) असेल तर ७. त्यामुळे प्रतिस्पर्धी ३, ५ आणि ७ असे मिसळावेत. खोड चारात तीनदा खरी ठरावी, दर वेळी नको, नाहीतर दुसऱ्या फेकीनंतर कोडं संपतं. गेम मास्टरने आपली निवड आधी कागदावर लिहून पालथी ठेवावी. खेळाडूची कुजबुज ऐकून निवड बदलणारा गेम मास्टर लगेच ओळखू येतो. आणखी एक चूक नेहमी दिसते: पात्रं नवव्या लेव्हलला गेली की त्याच खेड्यातला गिरणीवाला अचानक बोनस ९ घेऊन उभा राहतो. गिरणीवाल्याला आहे तिथेच राहू द्यावं. जत्रा मोठ्या शहरात हलवावी.

तिरंदाजीत निवड वेगळ्या जातीची असते. लक्ष्याची तीन वर्तुळं: बाहेरचं एसी १२ (नेम लागायला हवी ती किमान बेरीज) आणि १ गुण, मधलं एसी १६ आणि २ गुण, आतलं एसी २० आणि ३ गुण. बाण सोडण्याआधी कुठलं वर्तुळ ते जाहीर करायचं, चुकलं की शून्य. हल्ल्याचा बोनस ७ असेल तर बाहेरच्या वर्तुळावर दर बाणामागे सरासरी ०.८ गुण मिळतात, मधल्यावर १.२ आणि आतल्यावरही १.२. सरासरी तीच असली तरी जोखीम वेगळी आहे. आघाडीवर असलेली मधल्यावर नेम धरते, दोन गुणांनी मागे पडलेल्याला शेवटच्या बाणाला आतलंच घ्यावं लागतं. बोनस ५ असलेल्याला मात्र मधलं १.० आणि आतलं ०.९ पडतं, त्याने उगाच शौर्य दाखवू नये. फेरीला तीन बाण पुरेत. लाँगबोचा (लांब धनुष्याचा) साधा पल्ला १५० फूट आहे, त्यापुढे ६०० फुटांपर्यंत दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा, असा डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. दुसऱ्या फेरीला लक्ष्य २०० फुटांवर नेलं की गर्दी आपोआप गप्प होते. फक्त त्याआधी कुणाकडे शार्पशूटर फीट (पात्राने घेतलेली खास क्षमता) आहे का ते तपासावं. त्या फीटने लांब पल्ल्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज उडतो आणि फेरीची सगळी धार जाते. तसं असेल तर अंतर वाढवण्याऐवजी लक्ष्य दोरीला टांगून झुलवावं आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज त्यासाठी द्यावा.

बाकीच्या खेळांवर फार वेळ घालवू नये. खाण्याच्या पैजेला कॉन्स्टिट्यूशनची (काटकपणाची) सेव्ह, डीसी ८ पासून दर ताटाला २ ने वाढत जाणारी. रस्सीखेचीला सगळ्यांनी मिळून फेक टाकावी, निम्मे तरी जमले की गट जिंकला. मरतुकड्या जादूगाराला दोर धरायला लावण्यापेक्षा ताल धरू द्यावा, त्याची परफॉर्मन्सची फेक गटात मोजावी. कोड्यांची मात्र एक पंचाईत असते. पात्र विद्वान आणि खेळाडूला काही सुचत नाही, किंवा नेमकं उलट. उत्तर खेळाडूनेच द्यावं. पात्राच्या इंटेलिजन्सची फेक जमली तर एक सूचक शब्द मिळावा. फासे खेळायच्या तंबूत खरेच फासे खेळावेत: सहा बाजूंचे दोन फासे हाताआड टाका, बोली लावा, हवा तर तिसरा घ्या, १३ च्या वर गेलात की बाद, आत राहून सर्वांत जवळ असेल त्याचा गल्ला. बेरीज ७ पर्यंत असेल तर तिसरा फासा बिनधोक, १० वर निम्मा धोका. कॅरेक्टर शीटवरचा (पात्राच्या माहितीच्या कागदावरचा) कुठलाही आकडा इथे लागत नाही, म्हणून हा तंबू सगळ्यात जास्त चालतो.

जादूने होणारी लबाडी आधीच गृहीत धरावी. गायडन्स मंत्राने फेकीत चार बाजूंचा फासा वाढतो, पण त्याला उच्चार, हातवारे आणि स्पर्श लागतात. भर मैदानात ते पंचाला दिसणारच. एन्हान्स अ‍ॅबिलिटी (एखादी क्षमता वाढवणारा मंत्र) तासभर टिकतं, तंबूमागे उरकून येता येतं, आणि तेच खरं डोकेदुखीचं. पंचाकडे डिटेक्ट मॅजिक (आसपासची जादू ओळखणारा मंत्र) द्यावं, पण ते ३० फुटांपर्यंत आणि जास्तीत जास्त १० मिनिटं चालतं, हेही खेळाडूंना कळू द्यावं. म्हणजे लबाडी बंद न होता तिचाच एक खेळ होतो: पंचाचं लक्ष कुणी, कधी आणि कसं वळवायचं? ‘जत्रेत जादू चालणार नाही’ असं फर्मान काढणारे गेम मास्टर ही फुकटची करमणूक फेकून देतात.

पैजांवर मात्र लगाम हवा. आठांच्या बादफेरीत ३४ टक्के शक्यता असलेल्या आपल्याच पात्रावर खेळाडूंना एकास पाच भाव मिळाला, तर १० सोन्याच्या नाण्यांमागे, लावलेली नाणी धरून, सरासरी २० हून जास्त परत येतात. खेळाडू हे गणित फार लवकर करतात आणि संध्याकाळपर्यंत कॅम्पेनची सगळी अर्थव्यवस्था त्यांच्या थैलीत असते. एका पैजेला नाण्यांची कमाल मर्यादा ठेवावी आणि पहिली लढत जिंकताच भाव निम्म्यावर आणावा. भाव पाडणारा पैजवाला कुणालाही खरा वाटतो.

वेळेचं म्हणाल तर तीन-चार तासांच्या सेशनमध्ये पूर्ण नियमांनिशी तीनच स्पर्धा बसतात, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. जत्रेच्या दिवसाचे सहा टोले, म्हणजे सहा भाग, करावेत आणि दोन महत्त्वाच्या गोष्टी मुद्दाम एकाच टोल्याला ठेवाव्यात. तिरंदाजीची अंतिम फेरी आणि ज्याला शोधत इतके दिवस फिरलो तो माणूस दक्षिण वेशीतून बाहेर पडणं, दोन्ही चौथ्या टोल्याला. मग गट फुटतो आणि जत्रा कॅम्पेनला जोडली जाते. बक्षिसांचंही तसंच आहे. विजेत्याला जादूची तलवार देण्यापेक्षा सरदाराच्या पंक्तीला बसायचा मान द्यावा, कारण पुढच्या सेशनचं दार त्यातून उघडतं. आणि दुसऱ्या क्रमांकालाही काहीतरी असावं, अगदी विजेत्याला पुढच्या वर्षी पहिलं आव्हान देण्याचा हक्क असला तरी चालेल.

आपले,
गेम मास्टरकी करणारे काही वाचक

ता. क.: जत्रेवर राक्षसांची धाड घालायचीच असेल, तर बक्षीस समारंभ आटोपल्यावर घालावी. अंतिम फेरी अर्ध्यावर मोडली की खेळाडू पुढच्या जत्रेत चिलखत घालून कोपऱ्यात उभे राहतात. शस्त्रं वेशीवर जमा करा म्हटलं की तासभर हुज्जत चालते. त्यापेक्षा पहारेकऱ्याने म्यानाला दोरीची गाठ मारावी. ती सोडायला लढाईत एक अ‍ॅक्शन (एका पाळीतली कृती) खर्च होईल, एवढं सांगितलं की कुणी तक्रार करत नाही.