अकाउंट्सच्या काकांना, गुरुवारच्या अर्ध्या तासासाठी

काका, नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मला बोलायला उठवलं पण घसा दाटून आला आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले, म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहितेय.

सहा वर्षं मी बिलिंगचा कोड लिहीत होते, पण बिल कस्टमरकडे गेलं की पुढे त्याचं काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. इन्व्हॉइसवर कधीकधी पीओ नंबर, म्हणजे कस्टमरच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, छापला जात नाही असं तिकीट (दुरुस्तीची तक्रार) आलं होतं, टोटल बरोबर येतेय ना मग काय घाई, म्हणून मी ते दोन स्प्रिंट, म्हणजे कामाचे दोन ठरलेले टप्पे, पुढे ढकललं. तुम्ही चिडला नाहीत, आमच्या मजल्यावर आलात आणि म्हणालात, "बाळा, पाच मिनिटं खाली ये, एक कागद दाखवतो."

तो एजिंग रिपोर्ट होता, कुठल्या बिलाचे पैसे किती दिवस थकलेत त्याचा तक्ता. ०-३० दिवस, ३१-६०, ६१-९०, मग नव्वदच्या वरचा रकाना, आणि तुम्ही एकेका ओळीखाली स्टीलची पट्टी सरकवत होतात. पीओ नंबर नाही म्हणून बिल परत आलं, दुरुस्त करून पाठवलं की कस्टमर क्रेडिटचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजणार, आणि १० लाखांच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार, त्यातून इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी, वजा करून उरेल तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आपणच भरायचा, कस्टमरकडून एक रुपया आलेला नसला तरी. मग कॅल्क्युलेटर पुढे सरकवलात. १ कोटी महिनाभर अडकले, बँकेचं व्याज १२ टक्के धरलं, तर १ लाख गेले. त्या दिवशी घरी जायच्या आधी मी ते तिकीट वर घेतलं.

त्यानंतर दर गुरुवारी डबा खाऊन झाला की अर्धा तास तुमच्या टेबलाशी. मार्जिन, क्रेडिट नोट (दिलेल्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद), वर्किंग कॅपिटल (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा). ऑफिसने दिलेला ऑनलाइन कोर्सही मी केला होता, सर्टिफिकेटही मिळालं, पण वर्किंग कॅपिटल मला कळलं ते तुमच्या पट्टीखाली, आपल्याच कंपनीच्या आकड्यांवर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च करपात्र उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी वजा होणार, हा १ एप्रिल २०२४ पासूनचा नियम तुम्ही समजावलात, आणि सप्लायर मास्टरमध्ये, म्हणजे सप्लायरांच्या मूळ यादीत, उद्यम नंबरचं (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणी क्रमांकाचं) फील्ड आणि मुदतीचा अलर्ट हवा हे मी स्वतःहून मांडलं. आधीची मी कुणीतरी रिक्वायरमेंट लिहून देईल म्हणून वाट बघत बसले असते.

एक गोष्ट मात्र खटकते काका, तुमच्या त्या अर्ध्या तासाला टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीत, टाकायला कोड नव्हता. ज्यांच्या हाताखाली डेव्हलपर आहेत त्यांना कळकळीने सांगते, आठवड्यातला तेवढा वेळ कामाचा म्हणून धरा, पोरांना अकाउंट्समध्ये, सेल्समध्ये नेऊन बसवा, आणि पोरांनो, कुणी नेलं नाही तर तुम्ही जाऊन विचारा.

पट्टी तुमच्या ड्रॉवरमध्येच होती, ती मी घेतलीये. या गुरुवारी दोन नवीन मुली बसल्या, एकीने विचारलं की बुडीत बिलावर भरलेला जीएसटी परत मिळतो का. तुम्हालाच विचारून सांगते म्हटलं, रविवारी फोन करते.