समुद्री मत्स्यालयाला औषधाची बाटली नको, शुद्ध पाणी हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदिरानगरातील माझ्या घरी 60 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. क्लाउनफिशची एक जोडी, एक कोळंबी आणि काही शंख एवढाच तिचा संसार. मागच्या उन्हाळ्यात तिच्यातील दगडांवर केसांसारखे हिरवे शेवाळ इतके माजले की दगड दिसेनासे झाले. शहरातील एका दुकानात विचारले, तेव्हा शेवाळ मारण्याचे औषध हातात ठेवण्यात आले. ते घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी मेलेली होती आणि शंख वाळूत उलटे पडले होते. औषधात तांबे होते, हे बाटलीवरील बारीक अक्षरे वाचल्यावर मला कळले. मासे सोसू शकतील एवढे तांबेही कोळंबी, खेकडे, शंख आणि प्रवाळ यांना घातक ठरते. शिवाय दगड आणि वाळू ते धरून ठेवतात व पुढे हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे पाणी बदलले तरी धोका लगेच टळत नाही. असे दुसऱ्या कोणाच्या घरी घडू नये, म्हणून हे लिहीत आहे.

शेवाळ वाढते ते नायट्रेट, फॉस्फेट आणि प्रकाश यांवर. खाण्याचा उरलेला कण आणि माशांची विष्ठा यांतून पहिली दोन सतत तयार होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र रोज वरून घातले जाणारे पाणी हेही त्यांचे मोठे दार आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत माझ्या टाकीतून दिवसाला अर्धा लिटर पाणी सहज उडून जाते. वाफ होते ती फक्त पाण्याची; मीठ आणि विरघळलेले बाकी सारे मागे राहते. ही तूट नळाच्या पाण्याने भरली, तर त्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट यांची रोज भर पडत जाते. यात नळाच्या पाण्याचा दोष नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, आणि माणसासाठी ते योग्यच आहे. छोट्या समुद्री टाकीत मात्र ते 10 मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा अनुभवी लोकांचा प्रघात आहे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रही पुरेसे नसते, कारण चवीसाठी अनेक यंत्रांत थोडे क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. आरओच्या पडद्यातून गाळलेले पाणी पुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांमधून) काढून टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, शून्य दिसेल तेव्हाच ते टाकीत घालावे, असे मी आता कटाक्षाने पाळतो.

औषधाचा आणखी एक धोका आहे. माजलेले शेवाळ एकाच वेळी मेले की ते पाण्यातच कुजते, कुजताना प्राणवायू खेचून घेते आणि अमोनिया सोडते. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला असतो. अशा रात्री वीज जाऊन पंप थांबला, तर मासे सकाळपर्यंत तग धरतीलच असे नाही. म्हणून शेवाळ हातानेच उपटून टाकीबाहेर काढावे. त्याने शोषलेले फॉस्फेटही त्याच्याबरोबर बाहेर जाते. याच तत्त्वावर मी मागच्या कप्प्यात चीटोमॉर्फा नावाचे दोऱ्यासारखे समुद्री शेवाळ वाढवतो आणि अधूनमधून त्यातले मूठभर काढून टाकतो. दिवा आठ तासांवर आणला, गोठवलेले खाद्य आधी शुद्ध पाण्यात धुऊन घेऊ लागलो आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहिलो. टाकी सावरायला अडीच महिने लागले.

नवीन टाकी मांडणाऱ्यांची घाई विशेष नडते. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर येणारा तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि तो सहसा आपोआप ओसरतो; दगडावर चढणारा गुलाबी, टणक थर तर चांगल्या पाण्याची खूण आहे, तो खरवडू नये. लाल-जांभळा बुळबुळीत थर हे खरे तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात. त्यांच्यासाठी प्रतिजैविके सुचवली जातात, पण तेच पाणी पुढे आपल्या गटारात जाते. नळीने थर ओढून काढून प्रवाह वाढवणे, हाच उपाय आधी करावा. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याचा हट्टही नको, कारण अशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव माजू शकतात आणि ते हटवणे अधिक कठीण असते.

शहरातील विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बाटली देण्यापूर्वी टाकी गोडी की खारी, तिच्यात शंख-कोळंबी आहे का आणि पाणी कोणते घालता, एवढे तरी विचारावे. तांबे असलेली औषधे वेगळ्या फळीवर ठेवून त्यांवर मराठीत ठळक सूचना लावावी. आणि डीआय रेझिनमधून काढलेले पाणी कॅनमधून विकायला ठेवावे. तसे पाणी मागच्या उन्हाळ्यात मला त्या दुकानात मिळाले असते, तर मी तेच घेऊन आलो असतो.

कळावे,
आपला एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक