खोक्यावर २४:१, आत १६:१: चुकीच्या स्टिअरिंग बॉक्सबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: १९६९ च्या प्लिमथ रोडरनर गाडीसाठी पाठवलेला चुकीच्या रेशोचा मॅन्युअल स्टिअरिंग बॉक्स बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आजच्या फोननंतर आपल्या मदत कक्षाशी आणखी बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. मी मिशिगनमध्ये राहतो, आपला मदत कक्ष मात्र पुण्यातून चालतो आणि आजचे संभाषण मराठीतच झाले. तेव्हा तक्रारही मराठीतच करतो, म्हणजे भाषा समजली नाही ही सबब तरी शिल्लक राहणार नाही.

मी आपल्याकडून २४:१ रेशोचा, म्हणजे स्टिअरिंगच्या चोवीस फेऱ्यांना बाहेरचा शाफ्ट एक फेरा फिरेल असा, रिबिल्ट मॅन्युअल (पंपाच्या मदतीविना चालणारा) स्टिअरिंग बॉक्स मागवला. बिलावर २४:१ आहे, खोक्यावरच्या चिठ्ठीवरही २४:१ आहे, आणि आतला बॉक्स १६:१ चा आहे.

हे ओळखण्यासाठी बॉक्स उघडावा लागत नाही. इनपुट शाफ्टला (स्टिअरिंगकडून येणाऱ्या दांड्याला) पूर्ण एक फेरा दिला, की २४:१ च्या बॉक्सचा सेक्टर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, १५ अंश फिरायला हवा. आपण पाठवलेल्या बॉक्सचा साडेबावीस अंश फिरतो, आणि ३६० ला १६ ने भागले की साडेबावीसच येतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजले तरी उत्तर बदलत नाही: जुन्या बॉक्सला सव्वापाचच्या आसपास फेरे लागत, याला साडेतीन लागतात. दोन्ही बॉक्स आपणच विकता, त्यामुळे हे गणित मी आपल्याला शिकवण्याची गरज नसावी. ते बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात, तेव्हा बांधणी करताना अदलाबदल होऊ शकते, हेही मला मान्य आहे. तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहिले नसते.

भार तोच असताना रेशो २४ वरून १६ वर आला, की हाताला दीडपट जोर लावावा लागतो. पुढच्या चाकांवर ३८३ घनइंचांचे बिडाचे इंजिन आहे. गाडी धावत असताना हा फरक सोसता येतो, पण गाडी लावताना किंवा ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या क्रूझमध्ये पावलापावलाने सरकताना स्टिअरिंगला अक्षरशः लोंबकळावे लागते. शर्यतीच्या पट्ट्यावर चटकन वळणारे स्टिअरिंग हवे असणारे लोक १६:१ मुद्दाम मागवतात. मी तो मागवलेला नव्हता.

दोष गाडीत असेल, अशी शंका आपल्या आधी मीच घेतली होती. पुढची बाजू जॅकवर उचलली, तेव्हा स्टिअरिंग सहज फिरले. मग पुलर लावून पिटमन आर्म (बॉक्सला चाकांच्या जोडणीशी जोडणारा दांडा) सोडवला आणि बॉक्स एकटाच फिरवून पाहिला. मध्यावरही तो कोठे अडकत नाही. चाकांकडची जोडणी हाताने ढकलली, तर ती मोकळी हलते. बॉल जॉइंट आणि आयडलर आर्म नवे आहेत, कॉलमची कपलिंग कोठे घासत नाही, टायरमध्ये हवा योग्य आहे. कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागेपुढे असलेला कलसुद्धा गाडी बनवणाऱ्या क्रायस्लरने मॅन्युअल स्टिअरिंगसाठी सांगितला होता तसाच, म्हणजे उणे अर्धा अंश ठेवलेला आहे. (पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांना कारखाना अधिक पाऊण अंश सांगत असे, मॅन्युअलला कमी, ते स्टिअरिंग हलके राहावे म्हणूनच.) टायर तेच, कॅस्टर तोच, चालवणारा तोच, बदलला तो केवळ आपला बॉक्स.

आता आजच्या संभाषणाविषयी. वरील सर्व तपशील मी आपल्या प्रतिनिधीला सावकाश सांगितला. तो ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, “सर, पॉवर स्टिअरिंग फ्लुइडची पातळी तपासलीत का?” मी म्हणालो, की हा मॅन्युअल बॉक्स आहे, त्याच्या आत गिअर ऑइल असते, फ्लुइडची टाकी या गाडीला नाही. त्यांनी मला बॉनेट उघडून पंपाचे झाकण शोधायला सांगितले. मी म्हणालो, की पंपच नाही. फोनवर मला वाट पाहायला लावण्यात आले, संगीत वाजले, आणि परत आल्यावर त्यांनी एखादा शोध लागावा तशा आनंदाने मला सांगितले, “सर, मग बरोबर आहे. पंप नसेल तर स्टिअरिंग जड लागणारच!” यावर मी काही बोलू शकण्यापूर्वीच आपल्या पॉवर स्टिअरिंग किटची किंमत ऐकवण्यात आली. मी पुन्हा विचारले, की २४:१ मागवल्यावर १६:१ का आला. उत्तर मिळाले, “सर, एकोणसत्तर सालची गाडी आहे, थोडी अपेक्षा कमी ठेवायला हवी. आपलं समाधान झालं असं नोंदवू का?” मी “नाही” म्हणालो. तरीही माझ्या तक्रारीचे निराकरण झाल्याचा संदेश फोन खाली ठेवताच आला. इतकी तत्परता आपण बॉक्स खोक्यात भरताना दाखवली असती, तर मला आज फोनच करावा लागला नसता.

ही गाडी कारखान्यातून मॅन्युअल स्टिअरिंगसहच बाहेर पडली आणि पंप नसतानाही ती पन्नासहून अधिक वर्षे वळत आली आहे.

याआधीच्या एका प्रतिनिधीने तर बॉक्सच्या झाकणावरचा अॅडजस्टिंग स्क्रू सैल करण्याचा सल्ला दिला होता. त्या स्क्रूने सेक्टर आणि बॉल नट यांच्या दात्यांमधली पकड ठरते. त्याने रेशो बदलत नाही. तो सैल केला, तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा येतो आणि महामार्गावर गाडी भटकू लागते. हा सल्ला आपण आणखी कोणाला देत असाल, तर तो आजच बंद करावा, कारण प्रत्येक ग्राहक तो माझ्यासारखा दुर्लक्षित करीलच असे नाही.

माझा मूळचा बॉक्स ‘कोअर’ (नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना भाग) म्हणून पाठवल्याशिवाय आपण अनामत रक्कम परत देत नाही, म्हणून तो मी पाठवला. त्याचा ऑइल सील गळत होता आणि बुशिंगही झिजले होते, परंतु तो २४:१ चा होता. आता तो आपल्याकडे आहे आणि माझ्याकडे मी न मागवलेला १६:१ चा आहे. प्लिमथ हे नाव २००१ सालीच बंद झाले. सुट्या भागांसाठी आम्ही आपल्यासारख्यांवरच अवलंबून आहोत, आणि याच गाडीचे टॉर्शन बार मी याआधी विश्वासाने आपल्याकडूनच घेतले होते. त्या विश्वासाचा आता मला पश्चात्ताप होतो.

माझी मागणी अशी, की आपण आपल्या खर्चाने २४:१ चा बॉक्स पाठवावा आणि तो पाठवण्यापूर्वी शाफ्टला एक फेरा देऊन अंश मोजावेत. चुकीचा बॉक्स नेण्याची व्यवस्थाही आपणच करावी. हे जमत नसेल, तर पूर्ण रक्कम आणि माझा मूळचा बॉक्स, दोन्ही परत करावीत. दोन आठवड्यांत लेखी उत्तर न आल्यास मी कार्ड देणाऱ्या बँकेकडे या व्यवहाराला हरकत घेईन आणि मिशिगनच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार दाखल करीन. खोक्यावरची चिठ्ठी आणि अंशमापकासह काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

या पत्राला उत्तर म्हणून कृपया मला फोन करू नये.

आपला,
एक ग्राहक (ऑर्डर क्रमांक बिलाच्या सोबतच्या प्रतीवर आहे)