बूटेबल डिस्क विद्यार्थ्यांनीच तयार करावी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात जुन्या संगणकांच्या पुनर्वापराविषयी आलेला लेख वाचला. शाळा-महाविद्यालयांतून मोडीत काढल्या जाणाऱ्या संगणकांवर फ्रीबीएसडीसारखी, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या परंपरेतली विनामूल्य प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवावी, ही त्यातील सूचना मला मनापासून पटते. मात्र ‘फाइल डाउनलोड करून डिस्कवर कॉपी करावी’ हे त्यातले वाक्य दुरुस्त व्हायला हवे. नवशिक्यांचे काम नेमके याच पायरीवर अडते आणि चांगला संगणक निकामी ठरवला जातो.

डाउनलोड होणारी ही आयएसओ फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कची (सीडी किंवा डीव्हीडीची) जशीच्या तशी प्रतिमा, अर्थात ‘इमेज’, असते. फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘एल टोरिटो’ पद्धतीनुसार, संगणक सुरू होताना बायॉस (संगणकाला जागे करणारा अंगभूत प्रोग्रॅम) डिस्कच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमधील, म्हणजे ठरावीक कप्प्यातील, बूट नोंद वाचतो, तिच्यावरून बूट कॅटलॉग (सुरू करण्याजोग्या भागांची यादी) शोधतो आणि मग प्रणालीचा पहिला भाग मेमरीत आणतो. आयएसओ फाइल नुसती कॉपी केली, तर ती नव्या डिस्कवर छायाचित्र किंवा गाणे असावे तशी एक साधी फाइल म्हणून पडते आणि बायॉसला त्या जागी बूट नोंद सापडतच नाही. म्हणून ती ‘इमेज’ म्हणूनच बर्न करावी, म्हणजे डिस्कवर जशीच्या तशी उतरवावी लागते. विंडोज ७ आणि त्यापुढील आवृत्त्यांत त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअरही लागत नाही.

कोणती इमेज घ्यायची, हेही आधी ठरवावे. फ्रीबीएसडीची ‘बूटओन्ली’ इमेज लहान असते, पण उरलेल्या फाइली ती इन्स्टॉलेशनच्या वेळी इंटरनेटवरून घेते. ‘डिस्क१’मध्ये मूळ प्रणाली पूर्ण असते. पेनड्राइव्हसाठी ‘मेमस्टिक’ ही वेगळी इमेज आहे, मात्र बरेच जुने संगणक पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत आणि म्हणूनच डिस्कचे महत्त्व टिकून आहे. ३२ बिटी संगणकांसाठी फ्रीबीएसडीने १५ व्या आवृत्तीपासून इमेज देणे थांबवले असल्याने तिथे नेटबीएसडी या त्याच परंपरेतल्या दुसऱ्या प्रणालीचा विचार करावा.

माझा खरा आग्रह पडताळणीचा आहे. इमेजसोबत एसएचए२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा, प्रसिद्ध केलेला असतो. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम काढून तो या ६४ अक्षरी आकड्याशी जुळवला की फाइल वाटेत बिघडलेली नाही, याची खात्री पटते. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी आकडा पार बदलतो. अर्थात मूळ संकेतस्थळावरच कोणी फाइल आणि चेकसम दोन्ही बदलले, तर ही पडताळणी पुरत नाही, आणि म्हणून फ्रीबीएसडी आपल्या चेकसमवर पीजीपी स्वाक्षरीही (तो खरोखर त्यांचाच असल्याची खूण पटवणारी डिजिटल स्वाक्षरी) देते. बर्न झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून तपासावी, कारण मुंबईच्या दमट हवेत दीर्घकाळ पडून राहिलेल्या कोऱ्या डिस्कवर भरवसा ठेवता येत नाही.

लॅमिंग्टन रोडच्या बाजारात तयार डिस्क विकत घेण्याची सवय अनेकांना आहे. बीएसडीचा परवाना अशा प्रती करण्याची आणि विकण्याची मोकळीक देतो, त्यामुळे विक्रेत्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण तयार डिस्कवर नेमके काय उतरवले आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि संगणकाचा पूर्ण ताबा ज्या प्रणालीकडे जाणार, तिच्याबाबतीत ही जोखीम मला स्वीकारण्याजोगी वाटत नाही.

मुंबईतील महाविद्यालयांनी इमेज निवडणे, चेकसम जुळवणे, बर्न करणे आणि त्याच डिस्कवरून जुना संगणक सुरू करणे, हे सलग प्रात्यक्षिक संगणकाच्या पहिल्याच वर्षी घ्यावे. इमेज आधीच डाउनलोड करून प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर ठेवली, तर ते एका सत्रात सहज होते. लेखातील ‘कॉपी करावी’ या शब्दांची दुरुस्ती आपण छापावी, ही विनंती.

आपला,
एक संगणक-शिक्षक,
परळ, मुंबई